सुपारीचे वाजवणे

(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या क्रांतिदिनाला आमच्या इतिहासाच्या सरांनी नेहमीपेक्षा वेगळे भाषण केले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अरुणा असफअलींनी तिरंगा फडकवला, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलो आहोत. सरांनी ते सांगितलेच; पण पुढे ते म्हणाले, "त्याच दिवशी संध्याकाळी रशियातल्या लेनिनग्राड शहरात एक संगीताचा कार्यक्रम झाला. जर्मन फौजांनी शहराला अकरा महिने वेढा घातलेला होता. माणसे भुकेने मरत होती. रेडिओच्या वाद्यवृंदात वाजवू शकतील असे जेमतेम पंधरा वादक उरले होते, आणि जी रचना वाजवायची तिला तर शंभरावर माणसे लागणार होती. मग लष्करातून बँडवाले बोलावले, त्यांना शिध्याची जादा पाळी लावून दिली आणि कार्यक्रम उभा केला."

सर पुढे गेले. माझे मन मात्र 'बँडवाले' या एका शब्दापाशी अडकून राहिले. शेजारचा मित्र काहीतरी कुजबुजला, तेही मला ऐकू आले नाही. त्या शब्दाशी माझे काय नाते आहे, हे त्या दिवशी वर्गातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. ते मी पुढे सांगणार आहेच. खरे तर ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी धीर करून सरांना गाठले आणि त्या रचनेचे नाव विचारले. सरांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले : 'दिमित्री शोस्ताकोविच, सातवी सिंफनी.' आणि हसून म्हणाले, "एकदम सातवीला हात घालू नकोस. पहिलीपासून चढत ये."

मी काही संगीताचा जाणकार नव्हे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सिंफनी हा शब्द मी त्याआधी फार तर शब्दकोड्यात वाचला असेल. ग्रंथालयात एक जुना ज्ञानकोश मिळाला, आणि बाकीचे ऐकणे मोबाइलवर, वसतिगृहातले दिवे मालवल्यावर, कानात वायर घालून झाले. जे थोडेफार उमगले ते असे, की सिंफनी ही मोठ्या वाद्यवृंदासाठी आधी कागदावर लिहिलेली, बहुधा चार भागांची रचना. आपल्याकडे गवई राग मांडतो तेव्हा तो बसल्या जागी वाढवतो; तिथे शंभर माणसांपैकी प्रत्येकाने कधी आणि किती वाजवायचे ते आधीच ठरलेले असते. हायडनने शंभरावर सिंफनी लिहिल्या, मोत्सार्टच्या एकेचाळीस मोजतात. बेथोव्हेनने नऊच लिहिल्या, पण त्याच्यापासून या प्रकाराला एक वजन आले. अंधारातून निघावे, झगडावे आणि शेवटी उजेडात पोचावे, असा तिचा प्रवास लोकांच्या मनात ठसला. सिंफनीचा शेवट म्हणजे विजय, हा जणू रिवाजच पडला. शोस्ताकोविचची सगळी कहाणी मला या शेवटापाशीच सापडली.

त्याने एकूण पंधरा सिंफनी लिहिल्या. पहिली १२ मे १९२६ रोजी लेनिनग्राडमध्ये वाजली तेव्हा त्याचे वय होते एकोणीस. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. मीही एकोणीस वर्षांचाच आहे, आणि माझ्या नावावर अजून एक धड निबंधही नाही! पण पुढचे वाचले आणि तो मला जवळचा वाटू लागला. १९२२ साली त्याचे वडील वारले. घर चालवायला हातभार म्हणून हा मुलगा थिएटरात मूकपटांच्या वेळी पियानो वाजवायला बसे. पडद्यावर पाठलाग चालला की धावते वाजवायचे, कोणी मेले की रडते वाजवायचे. वाजवणाऱ्याच्या मनात काय आहे याच्याशी तिकीट काढणाऱ्याचा काय संबंध? आमच्याकडे याला 'सुपारीचे वाजवणे' म्हणतात.

पुढे दहा वर्षांत त्याचे नाव झाले. त्याचा 'मत्सेन्स्क जिल्ह्यातील लेडी मॅकबेथ' हा ऑपेरा दोन वर्षे गर्दीत चालला होता. जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन स्वतः तो पाहायला आला आणि संपायच्या आधीच उठून गेला. दोनच दिवसांनी, २८ जानेवारीला, 'प्रावदा' या पक्षाच्या वृत्तपत्रात त्या संगीतावर कडाडून टीका छापून आली : हे संगीत नव्हे, गोंधळ आहे; आणि हा खेळ वाईट रीतीने संपू शकतो. त्या काळात आणि त्या देशात अशा वाक्याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगायला नको. माणसे रात्रीतून नाहीशी होत होती. त्याच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला अटक झाली, सासूला छावणीत पाठवले गेले, आणि त्याचा आश्रयदाता मार्शल तुखाचेव्स्की १९३७ च्या जूनमध्ये गोळी घालून मारला गेला.

तेव्हा तो चौथी सिंफनी लिहीत होता. ती त्याने पुरी केली. तिला प्रचंड वाद्यवृंद लागतो. पण तिचा शेवट कसा, तर एक भयंकर गर्जना होते, आणि मग सगळे विझत विझत जाते. खाली एकच सूर धरून ठेवलेला, वर घंटीसारखे किणकिणणारे एक वाद्य, आणि संपले. विजय नाही, उजेड नाही. १९३६ च्या डिसेंबरात तालमी चालू असतानाच ती मागे घेतली गेली. ती लोकांनी ऐकली ३० डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे पंचवीस वर्षांनी. लिहिलेली गोष्ट पंचवीस वर्षे ओठांत धरून ठेवायची! मला एक वर्षदेखील जड गेले. त्याचे कारण आता सांगतो.

माझे वडील बँडवाले आहेत. आबा क्लॅरोनेट वाजवतात. आमच्या तालुक्यात लगीनसराईला जी दोन-तीन पथके निघतात, त्यांतल्या एकात ते वीस-बावीस वर्षे आहेत. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. आबा नोटेशन शिकलेले नाहीत. मामांच्या मागे उभे राहून कानाने शिकले. कोणतेही गाणे दोनदा ऐकले की तिसऱ्यांदा वाजवतात. त्यांच्या वाजवण्यावर माझी फी भरली गेली आहे. मांडवात सगळ्यांच्या पंगती उठल्यावर बँडवाल्यांची पंगत बसते, हेही मी लहानपणी त्यांच्या बोटाला धरून पाहिले आहे.

कॉलेजात मी हे कोणाला सांगितले नाही. "वडील काय करतात?" असे कोणी विचारले, की "शेती" म्हणून मोकळा होई. आम्हांला शेती नाही.

गेल्या मे महिन्यात एका वर्गमित्राच्या भावाचे लग्न होते. आम्ही सात-आठ जण गेलो. संध्याकाळी वरात निघाली आणि पाहतो तर पथक आबांचे! मी मागे सरकलो. पण वरातीत मागे किती सरकणार? मित्रांनी ओढत नाचायला पुढे आणले. एकाने नवरदेवावरून दहाची नोट ओवाळली, माझ्या हातात कोंबली आणि म्हणाला, "दे रे त्या क्लॅरोनेटवाल्याला!" मी पुढे झालो आणि नोट आबांच्या पुढे धरली. त्यांनी वाजवता वाजवता डाव्या हाताने ती घेतली, खिशात घातली, आणि सगळ्यांना करतात तसा मलाही सलाम केला. ओळख दाखवली नाही. मला सांभाळून घेतले त्यांनी. रात्री उशिरा घरी आले तेव्हा "जेवलास का?" एवढेच विचारले. मीही "हो" एवढेच म्हणालो.

ही गोष्ट घेऊन मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात येऊन बसलो होतो, आणि ९ ऑगस्टला सरांच्या तोंडून तो शब्द आला.

आता पाचव्या सिंफनीविषयी. चौथी मागे घेतल्यावर काही महिन्यांतच, १९३७ साली, त्याने ती लिहिली. २१ नोव्हेंबर १९३७ रोजी लेनिनग्राडमध्ये येवगेनी म्राविन्स्की या तरुण संचालकाने ती सादर केली. वर्तमानपत्रांतून तिला 'न्याय्य टीकेला सोव्हिएत कलावंताने दिलेले उत्तर' असे बिरुद चिकटले. सरकारला हवे होते तसेच सगळे तिच्यात होते : ओळखू येणाऱ्या चाली, चार रीतसर भाग, आणि शेवटी दणदणीत विजय. सभागृहात अर्धा तास टाळ्या चालल्या म्हणतात. त्याआधी तिसऱ्या भागात माणसे उघड रडली होती. सरकारही खूश, आणि रडणारे लोकही खूश. हे कसे जमले असेल? मी तिचा शेवट वसतिगृहात वीस वेळा ऐकला. हा आनंद खरा की खोटा, ते मला कळेना. ज्ञानकोशातही दोन्ही बाजूंची मते दिली होती.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो. तुळशीचे लग्न जवळ आले होते. म्हणजे लगीनसराई तोंडावर. आबा पडवीत क्लॅरोनेटचे तुकडे सोडवून, पुसून, नवी पत्ती बसवत होते. मनात आले, आपल्या घरात संगीतावर पोट भरणारा माणूस बसला आहे आणि आपण मात्र ज्ञानकोश चाळतो आहोत. पण विचारायचे कसे? मे महिन्यापासून आमच्यात कामापुरतेच बोलणे होते. शेवटी कानातली वायर काढली आणि मोबाइल त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो, "आबा, जरा हे ऐकता का? रशियातल्या माणसाचं आहे."

आबांनी हातातली पत्ती तशीच धरून तिसरा भाग ऐकायला सुरुवात केली. दोन-तीन मिनिटांनी म्हणाले, "ह्यात पितळ न्हाई."

मला समजले नाही.

"कर्णं गप बसल्यात. नुसती तारंची वाद्यं, आन् मधनं बासरी. पितळंवाल्यांना उठवलंच न्हाई त्यानं."

मी वीस वेळा ऐकले होते. मला हे कळले नव्हते. पुढे तपासले तर तंतोतंत खरे निघाले! त्या संपूर्ण भागात एकही पितळी वाद्य नाही. लोक रडले ते या भागात. आबा म्हणाले, "रडायला पितळ कोण बोलावतंय? आमाला बोलावत्यात ते दणका द्यायला."

मग शेवटचा भाग लावला. आता पितळच पितळ! आबांनी मान हलवली, मांडीवर ठेका धरला. अगदी शेवटी कर्णे विजयाची चाल धरतात, खाली मोठे नगारे दोन सुरांवर धडधडतात, आणि वरची सगळी वाद्ये, व्हायोलिने, बासऱ्या, क्लॅरोनेटे, एकच एक सूर ठोकत राहतात. मोजायला बसलो तर दीडशेच्या पुढे माझा घोटाळा झाला. मोजणारे अडीचशेच्या आसपास सांगतात. आबा म्हणाले, "पंचम धरून बसल्यात समदे. खाली नगारा सा-प, सा-प. आन् वर नुसता प, प, प. ह्या क्लॅरोनेटवाल्याचं ओठ सोलून निघत आसंल."

"आबा, हा आनंद आहे का?"

त्यांनी उत्तर दिले नाही. मी त्यांना त्याच शेवटाची दुसरी ध्वनिमुद्रिका लावून दिली. इथे एक मौज सांगायला हवी. या शेवटाची गती किती ठेवायची, यावर संचालकांचे एकमत नाही. १९५९ साली अमेरिकन संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन न्यूयॉर्कचा वाद्यवृंद घेऊन मॉस्कोला गेला आणि खुद्द शोस्ताकोविचसमोर ही सिंफनी वाजवली. त्याच वर्षी त्याने तिचे ध्वनिमुद्रणही केले. त्यात हा शेवट जवळजवळ दुप्पट वेगाने धावतो. ऐकताना वाटते, दिंडीदरवाजा उघडला आणि पोरे मैदानात धावली. म्राविन्स्की आणि इतर अनेक जण तोच शेवट सावकाश, जड पावलांनी वाजवतात. स्वर तेच, वाद्ये तीच. फक्त पाऊल वेगळे. आबांनी आधी सावकाश ऐकले होते, आता जलद ऐकले. मग म्हणाले, "पुना पयलं लाव."

सावकाश शेवट पुन्हा झाला. आबा बराच वेळ पत्तीकडे बघत होते. मग म्हणाले, "जलद वाजवलं तर नाचाय येतं. पर हे आसं वाजवलं ना, तर नुसतं उभं ऱ्हावं लागतं. वाजिवणाऱ्यालाबी आन् ऐकणाऱ्यालाबी." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता : "तुजी आज्जी गेली त्या दिशी माजी सुपारी होती. इसार घेतलेला. सकाळी माती दिली आन् सांच्याला वरातीला हुभा ऱ्हायलो. दुसरा क्लॅरोनेटवाला न्हवता. त्यांच्या पोरीचं लगीन, त्यांचा काय दोष? लोक म्हणाले वाजवा, वाजीवलं. नाचाचीच गाणी हुती. एकबी सूर चुकला न्हाई. पर त्या दिशी आसंच वाजलं."

आजी गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्या संध्याकाळी आबा घरी नव्हते, एवढेच मला आठवत होते. आणि मनात कुठेतरी त्याचा रागही होता. तो राग त्या पडवीत संपला.

मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे मी म्हणणार नाही. १९७९ साली अमेरिकेत सोलोमोन व्होल्कोव्ह याने शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून एक पुस्तक छापले. त्यात हा आनंद धाकाने करायला लावलेला आहे, असे खुद्द संगीतकाराच्या तोंडी घातले आहे. पण त्या आठवणी कितपत खऱ्या, यावर विद्वानांचे वाद अजून मिटलेले नाहीत. मला वाटते, त्या पुस्तकावाचूनही काही कळते. आबांना ना रशिया ठाऊक ना स्टालिन. त्यांनी ते पावलावरून ओळखले. 'खरा की खोटा' हा माझा प्रश्नच अपुरा होता. हुकमी आनंदातही वाजवणाऱ्याचे स्वतःचे काहीतरी शिल्लक राहते, आणि ऐकणारा तसा असेल तर त्याला ते ऐकू जाते. त्या रात्री लेनिनग्राडमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांत कितीतरी घरांतला माणूस उचलून नेलेला असेल. त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

एवढी खूण हाती आल्यावर मी पुढच्या सिंफनी शेवटापासून ऐकू लागलो. सातवी म्हणजे लेनिनग्राडची. तिचे पहिले वादन ५ मार्च १९४२ रोजी कुइबिशेव्ह, म्हणजे आजच्या समारा येथे झाले. मग तिची पाने सूक्ष्मफितीवर उतरवून तेहरानमार्गे अमेरिकेत नेली आणि जुलैमध्ये तोस्कानिनीने ती तिथल्या रेडिओवरून वाजवली. तिच्या पहिल्या भागात साइड ड्रमच्या एकाच ठेक्यावर एक साधी, जवळजवळ पोरकट चाल पुन्हा पुन्हा येते. दर फेरीला वाद्ये वाढतात आणि अखेर ती चाल राक्षसासारखी अंगावर येते. ती ऐकून आबांनी विचारले, "ह्यो ताशा कोण वाजिवतोय? त्याला इसावा हाय का न्हाई?" वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये कार्ल एलियासबर्ग याने उपाशी वादकांना घेऊन ती उभी केली, तालमींच्या काळात काही वादक दगावलेसुद्धा. कार्यक्रमाच्या वेळी जर्मन तोफा गप्प राहाव्यात म्हणून रशियन तोफखान्याने आधीच त्यांच्यावर मारा केला, आणि ध्वनिक्षेपकांवरून ते संगीत शत्रूच्या खंदकांपर्यंत पोचवले. हिचा शेवट विजयाचाच आहे. आणि त्या संध्याकाळी त्याला खोटा म्हणण्याची कोणाची छाती झाली असती?

पण १९४३ साली, युद्धाचे पारडे फिरल्यावर, सगळे आणखी एका विजयाची वाट पाहत असता त्याने आठवी लिहिली आणि ती अगदी हळू, थकल्यासारखी संपवली. १९४५ साली युद्ध जिंकले. आता नववी! बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीसारखी, गायकवृंदासह, भव्य, अशी अपेक्षा होती. त्याने दिली पंचवीस मिनिटांची, हलकीफुलकी, सर्कशीतल्या विदूषकासारखी. लग्नाची सुपारी घ्यावी आणि मांडवात जाऊन पोरांना हसवणारे गाणे वाजवून परत यावे, तसे! १९४८ साली त्याची किंमत मोजावी लागली. पक्षाच्या ठरावात त्याचे नाव पुन्हा आले, शिकवण्याच्या नोकऱ्या गेल्या, आणि पोटासाठी तो चित्रपटांना संगीत देत राहिला. आठ वर्षे त्याने नवी सिंफनी पुढे आणली नाही.

५ मार्च १९५३ रोजी स्टालिन मेला. त्याच डिसेंबरात दहावी वाजली. तिच्यात त्याने आपल्या नावाची आद्याक्षरे सुरांत गुंफली आहेत. जर्मन पद्धतीने स्वरांना अक्षरे असतात, त्यावरून चार स्वर निघतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सा, कोमल रे, खालचा कोमल नी आणि खालचा शुद्ध ध. आबांनी ते क्लॅरोनेटवर काढून पाहिले आणि म्हणाले, "वाकडी वाट हाय, पर एकदा ऐकली की इसरायची न्हाई." सिंफनीच्या शेवटी नगारे हेच चार स्वर बडवतात. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या विजयाचे शेवट लिहून झाल्यावर हा माणूस शेवटी आपले नाव वाजवतो!

म्हणून तो सरळसरळ बंडखोर होता असे मानू नये. तो १९६० साली पक्षात गेला. दुसऱ्यांनी लिहून दिलेली भाषणे त्याने वाचली. १९७३ साली साखारोव्हविरुद्धच्या पत्रावर त्याचेही नाव होते. १९६१ ची बारावी लेनिनच्या क्रांतीवर आहे आणि ती, माझ्या अल्पमतीप्रमाणे, निव्वळ सुपारीची वाटते. पण पुढच्याच वर्षी, १८ डिसेंबर १९६२ रोजी, तेरावी आली. किएव्हजवळच्या बाबी यार या घळीत १९४१ च्या सप्टेंबरात नाझींनी दोन दिवसांत तेहतीस हजारांवर ज्यूंना मारले. त्या जागी साधे स्मारकही नाही, असे म्हणणारी येवतुशेंको या कवीची कविता त्याने घेतली. वरून दडपण आले, ठरलेले लोक गळाले, म्राविन्स्कीसुद्धा उभा राहिला नाही. किरिल कोंद्राशिनने ती सादर केली. तिचा शेवट एका घंटेच्या हलक्या नादावर होतो. पंधरावी १९७२ ची, शेवटची. तिच्या अखेरीस तारवाद्ये एक लांब स्वर धरून राहतात आणि त्यावर छोटी तालवाद्ये खटखट करत राहतात. रात्री सगळे झोपल्यावर घड्याळ ऐकू यावे तशी. विजय नाही, पराजयही नाही. कोणी काही मागितलेलेच नाही. तो वारला ९ ऑगस्ट १९७५ रोजी. लेनिनग्राडच्या त्या कार्यक्रमाला त्या दिवशी बरोबर तेहतीस वर्षे झाली होती.

मार्गशीर्षात तालुक्याच्या गावी एक वरात होती. आबांची सुपारी होती आणि योगायोगाने आमच्या वर्गातले तिघे-चौघे वऱ्हाडात होते. मी या वेळी आबांच्या बरोबरच गेलो, क्लॅरोनेटची पेटी हातात घेऊन. मित्रांनी मला लांबून हाक मारली. मी त्यांना जवळ बोलावले आणि म्हणालो, "हे माझे वडील." माझा आवाज जरा मोठाच निघाला. एक जण "अरे!" म्हणाला. दुसऱ्याने आबांना नमस्कार केला. मे महिन्यात ज्याने माझ्या हातात नोट कोंबली होती, तो काही क्षण माझ्याकडे पाहत राहिला आणि मग मान खाली घालून म्हणाला, "सांगायचं होतंस रे." बस्, एवढेच. आभाळ काही कोसळले नाही. थोड्या वेळाने ते नाचायला गेले आणि आबा नेहमीप्रमाणे वाजवू लागले. गाणे नाचाचेच होते. मी प्रथमच, वरात सोडून, नुसते ते वाजवणे ऐकत चाललो. नाचणाऱ्यांच्या गोंगाटाखाली एक माणूस किती नीट वाजवतो आहे, हे मला एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू आले.

वरात दारात पोचली. पंगती बसल्या, आमची शेवटी. पान पुढे येईपर्यंत आबा ओट्यावर टेकले, पत्ती पुसून डबीत ठेवली आणि म्हणाले, "मोबाइल हाय न्हवं? त्यो शेवट लाव. सावकाशचा."